‘राइट टू वर्क’ म्हणजे कामाचा हक्क नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील कामगार कायद्यांविषयी आपल्या दैनिकात नुकत्याच आलेल्या लेखात तेथील ‘राइट टू वर्क’ कायद्यांचा उल्लेख सर्वत्र ‘कामाच्या हक्काचे कायदे’ असा केला आहे. शब्दाला शब्द ठेवला तर भाषांतर बरोबर आहे, पण महाराष्ट्रातल्या वाचकाला त्यातून होणारा बोध साफ चुकीचा आहे. कामाचा हक्क म्हटले की आपल्याला राज्यघटनेतले ४१वे कलम आठवते, वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना आठवते, १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला रस्त्याच्या कामावर गेलेली माणसे आठवतात. मागेल त्याला काम देण्याची जबाबदारी सरकारने पत्करायची, हा त्या शब्दांचा आपल्याकडचा अर्थ. अमेरिकेतील हा कायदा कोणालाही एका दिवसाचेसुद्धा काम देत नाही. संघटनेला पैसे देणे ही नोकरी टिकवण्याची अट असू शकत नाही, एवढेच तो सांगतो.

दुसरी गल्लत मला अधिक गंभीर वाटते. ज्या राज्यांत हा कायदा नाही तेथे कामगाराला सक्तीने संघटनेचे सभासद व्हावे लागते, असा लेखाचा एकंदर सूर आहे. वास्तविक संघटनेच्या सभासदालाच कामावर घ्यायचे, ही पद्धत तेथे १९४७च्या टाफ्ट-हार्टले कायद्यानेच बंद झाली. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरला असतानाही काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, तो मंजूर केला होता आणि त्यातल्याच १४(ब) कलमाच्या आधारे आज २६ राज्यांत ‘राइट टू वर्क’ लागू आहे. उरलेल्या राज्यांतही १९६३च्या जनरल मोटर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामावर लागल्यानंतरच्या सभासदत्वाच्या सक्तीचा अर्थ ठरावीक रक्कम भरण्यापुरता आणून ठेवला, आणि १९८८च्या बेक खटल्यात असे ठरवले की जो कामगार हरकत घेईल त्याच्याकडून करार करणे, तो राबवणे आणि तक्रारी लढवणे यांपलीकडचा खर्च, म्हणजे राजकीय कामाचा पैसा, घेता येणार नाही. म्हणजे खाजगी उद्योगापुरता वाद उरतो तो सभासदत्वाचा नाही, कराराच्या खर्चातल्या वाट्याचा आहे.

हा वाटा का मागितला जातो, हे लेखात कोठेच आलेले नाही. १९३५च्या वॅगनर कायद्यानुसार बहुमताने निवडलेली संघटना त्या कारखान्यातल्या सर्व कामगारांच्या वतीने करार करते. तो करार सभासद नसलेल्यालाही लागू होतो, आणि त्याच्याही बाजूने प्रामाणिकपणे उभे राहणे हे संघटनेवर न्यायालयांनी घातलेले कायदेशीर बंधन आहे. काम सर्वांचे करायचे आणि खर्च मात्र ज्याची इच्छा असेल त्याच्याकडूनच घ्यायचा, अशी स्थिती ‘राइट टू वर्क’मुळे होते.

या प्रश्नाची एक बाजू मी जवळून पाहिली आहे. पिंपरी-चिंचवड परिसरातील एका कारखान्यात मी बरीच वर्षे कामगार संघटनेचा खजिनदार होतो. पगाराच्या दिवशी टाइम ऑफिसजवळच्या बाकावर मी पावती पुस्तक घेऊन बसत असे. आमच्याच खात्यातला एक टर्नर दर महिन्याला माझ्यासमोरून पाकीट खिशात घालत निघून जाई. माणूस कामाला चोख, स्वभावाने चांगला. पण पावती त्याने कधी फाडली नाही. एका करारासाठी आम्ही चौदा महिने वाटाघाटी केल्या, गेटसभा घेतल्या, दोन दिवसांच्या पगारावर पाणी सोडले. करार झाला तेव्हा फरकाची रक्कम त्याला आणि मला सारखीच मिळाली. पुढे त्याच्यावर चार्जशीट आली तेव्हा खातेचौकशीत बाजू मांडायला तो आमच्याकडेच आला, आणि आम्ही त्याला माणूस दिला. तो द्यायलाच हवा होता, असे मला आजही वाटते. मात्र त्या चौकशीसाठी झालेला वकिलाच्या सल्ल्याचा खर्च इतरांच्या वर्गणीतून गेला, हेही माझ्या वहीत लिहिलेले आहे.

तरीही समोरच्या बाजूचे म्हणणे मला झटकून टाकता येत नाही. २०१८च्या जेनस खटल्यात इलिनॉय राज्याच्या एका कर्मचाऱ्याने असा युक्तिवाद केला की सरकारशी होणारी पगाराची बोलणी हाच सार्वजनिक धोरणाचा विषय आहे, आणि ज्या मताला माझा विरोध आहे त्याला पैसे देण्याची सक्ती म्हणजे माझ्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आहे. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने तो मान्य केला आणि सरकारी नोकरांपुरती ही सक्ती देशभर संपली. आपल्या गिरणगावाला तर नकोशा प्रतिनिधित्वाचा अनुभव फार मोठी किंमत देऊन आला आहे. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही गिरण्यांतली प्रातिनिधिक संघटना होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंत यांच्यामागे संपावर गेले, तरी कायद्याच्या लेखी त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार दुसऱ्याच संघटनेकडे राहिला. त्या कामगारांना त्याच संघटनेची वर्गणी नोकरीची अट म्हणून भरायला लावणे कोणत्याही न्यायात बसले नसते.

म्हणून माझे मत असे आहे की कराराच्या खर्चाचा वाटा सर्वांकडून घेणे योग्यच आहे, पण ती संघटना कामगारांनी गुप्त मतदानाने निवडलेली असली पाहिजे आणि तशाच मतदानाने तिला दूर करण्याची वाट मोकळी असली पाहिजे. अमेरिकेत ३० टक्के कामगारांच्या सह्या असतील तर संघटनेची मान्यता काढण्यासाठी मतदान मागता येते. मी काम करत होतो त्या काळात आमच्याकडे १९७१च्या महाराष्ट्र कायद्याने मान्यता मिळे ती सभासदांची संख्या मोजून, म्हणजे शेवटी माझ्यासारख्याच्या पावती पुस्तकावरून. मिशिगनने २०१२ साली आणलेला ‘राइट टू वर्क’ कायदा २०२३ मध्ये रद्द केला, त्याचे मी मनापासून स्वागत करतो. पण तेथील वर्गणीची तरतूद तेथील मतदानाच्या हक्काशिवाय इकडे आणू नये, असेही तितक्याच आग्रहाने सांगतो. नेव्हाडात हा कायदा असूनही लास वेगासच्या हॉटेल कामगारांची संघटना भक्कम उभी आहे हे खरे, पण त्यामुळे वाट्याचा प्रश्न मिटत नाही.

आपल्या दैनिकात यापुढे या कायद्यांविषयी लिहिताना ‘ऐच्छिक संघटना-वर्गणी कायदे’ असा शब्द वापरावा, किंवा ‘राइट टू वर्क’ हेच नाव देवनागरीत ठेवून त्याचा अर्थ एका वाक्यात द्यावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त कामगार, चिंचवड