पाकिटाबाहेर लिहायचं ते पाकिटाच्या आत का लिहिलंत?

दि. ६ जुलै
ता. चिपळूण, जि. रत्नागिरी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांवरील स्पॉट-ऑन (कातडीवर थेंब टाकायच्या) औषधाच्या बॉक्सवर मांजरांबाबतचा पूर्ण इशारा नसल्याबद्दल तक्रार

महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या औषधाने गोचिडी मरत नाहीत अशी माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. मरतात. दुसऱ्या दिवशी बंड्याच्या कानामागच्या गोचिडी वाळल्या वालासारख्या गळून पडल्या होत्या आणि पिसवा तर शोधूनही सापडेनात. तक्रार बॉक्सबद्दल आहे. तो बॉक्स अपुरा बोलतो, आणि त्यापायी आमची मांजर मरता मरता वाचली.

बंड्या आमचा गावठी कुत्रा, वजन २४ किलो. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी त्याला गोचीडताप झाला. दोन दिवस भाकरीला तोंड लावलं नाही, आम्हाला वाटलं बाहेर कुठे काही खाऊन आला असेल. तिसऱ्या दिवशी नाकातून रक्त आलं. हिरड्या पांढऱ्याफटक. रक्त तपासलं तर प्लेटलेट २८ हजार. निरोगी कुत्र्याच्या दोन लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतात म्हणे. गोचीड चावते तेव्हा तिच्यातून अर्लिकिया नावाचा जिवाणू रक्तात शिरतो, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या २८ दिवस दिल्या. गुळात लपवून, तुपात घोळवून त्या त्याच्या घशाखाली उतरवताना आमचे जे हाल झाले ते सांगत बसत नाही. पण तेव्हापासून या घरात गोचीड दिसली की माझ्या पोटात गोळा येतो.

त्यात आमचं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं. कुत्र्यावरची ती तपकिरी गोचीड रक्त पिऊन टम्म झाली की खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत जाऊन अंडी घालते, एकेक मादी हजारांनी. जांभ्याला तर भोकं देवानेच पाडून ठेवलेली. त्यामुळे अंगावरच्या वेचून भागत नाही. तरी रॉकेलच्या वाटीत वेचून टाकणं, करंजेल, कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी, सगळं करून झालं. शेजारच्या काकूंनी उदबत्तीचा चटका द्यायला सांगितला होता. चटका बंड्याला बसला, गोचीड होती तिथेच.

शेवटी डॉक्टरांनीच मानेवर टाकायचं औषध वापरा म्हणून सुचवलं. २० जूनला, शनिवारी, चिपळूणच्या दुकानातून तुमचा तीन ट्यूबचा, १० ते २५ किलोच्या कुत्र्यासाठीचा बॉक्स आणला. दुकानदाराने एकच गोष्ट विचारली, कुत्र्याचं वजन. घरात आणखी कोणतं जनावर आहे, हे त्याने विचारलं नाही. ते विचारायला हवं, हे त्यालाही ठाऊक नसावं.

संध्याकाळी सातला बॉक्सवरच्या चित्राबरहुकूम केस बाजूला सारून कातडीवर औषध टाकलं, मानेपासून पाठीवर तीन ठिकाणी. बंड्या नेहमीप्रमाणे पडवीत गोणपाटावर जाऊन झोपला. आणि चिमी, आमची चार वर्षांची मांजर, नेहमीप्रमाणे त्याच्या पाठीला पाठ लावून झोपली. पावसाळ्यात ती तिथेच झोपते. कुत्र्यामांजराचं वैर वगैरे आमच्याकडे नाही.

रविवारी पहाटे पाचला उठले तर चिमीचे कान सारखे फडफडत होते, जसं काही माशी बसतेय. मग पंजे झटकायला लागली. तासाभरात सगळं अंग थरथरू लागलं, तोंडातून लाळ, आणि नजर अशी की मला ओळखतच नाही. नुसता दाराचा आवाज झाला तरी ताडकन उडायची. सातच्या सुमारास तिला पहिला झटका आला.

बॉक्सवर तुमचा ग्राहक सेवेचा नंबर होता. लावला. रविवार असल्यामुळे कार्यालय बंद आहे, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. सोमवारी पुन्हा लावला तेव्हा पलीकडच्या मुलाने हिंदीत विचारलं, "मॅडम, आपने बिल्ली को लगाया क्या?" मी म्हटलं, नाही, कुत्र्याला लावलं. "तो फिर हमारे प्रॉडक्ट से नहीं हुआ होगा." त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्या हातात जो कागद दिला असेल तोच तो वाचणार. तो कागद कुणी लिहिला, हे मला विचारायचं आहे.

चिमीला वाचवलं ते डॉक्टरांनी. रविवारी सकाळी फोनवर त्यांनी पहिला प्रश्न केला, "कुत्र्याला काल काही लावलंय का? बॉक्सवरचं औषधाचं नाव वाचा." मी अक्षरं जुळवत "परमेथ्रिन" म्हटलं आणि ते म्हणाले, आधी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा, गरम पाणी नको, पुसून गुंडाळा आणि लगेच घेऊन या. रिक्षाने नेलं. तिथे सलाईन, झटके थांबवायचं इंजेक्शन, आणि स्नायू सैल करणारं एक औषध, जे माणसांच्या मेडिकलमधून धावत जाऊन आणावं लागलं. या विषावर उतारा असा नाही, मांजराच्या अंगातून ते जाईपर्यंत तिला तगवायचं, एवढंच हातात असतं. तीन रात्री ती दवाखान्यात होती. मंगळवारी संध्याकाळी तिने पहिल्यांदा मान उचलली.

परत आल्यावर तुमच्या बॉक्समधली घडी घातलेली चिठ्ठी मी भिंग घेऊन वाचली. माझी नोकरी पोस्टात गेली, ३१ वर्षं. डॉक्टरांच्या अक्षरातले पत्ते वाचलेत मी, पण असा बारीक छाप पाहिला नव्हता. सगळं इंग्रजीत. मागच्या बाजूला, खालून तिसऱ्या ओळीत लिहिलं आहे की औषध लावलेल्या कुत्र्यापासून मांजराला औषध वाळेपर्यंत दूर ठेवावं आणि मांजर त्याला चाटणार नाही याची काळजी घ्यावी. म्हणजे तुम्हाला माहीत होतं! बॉक्सच्या बाहेर मात्र इतकंच आहे, तेही इंग्रजीत आणि बॅच नंबरच्या शेजारी: मांजरांवर वापरू नये. मी वापरलंच नव्हतं.

माझ्या तक्रारीवर तुमच्या २ जुलैच्या ईमेलमध्ये "बॉक्सवर आवश्यक सूचना दिलेली आहे" असं उत्तर आहे. मांजरावर वापरू नका आणि मांजराला त्या कुत्र्याजवळ जाऊ देऊ नका, या दोन वेगळ्या सूचना आहेत. पहिली वाचून माणूस निश्चिंत होतो, कारण तो मांजरावर वापरणार नसतोच. जीव वाचवणारी सूचना दुसरी आहे, आणि ती तुम्ही आत ठेवलीत. पोस्टात "नाजूक वस्तू" हे आम्ही कधी पार्सलच्या आत लिहिलेलं पाहिलं नाही.

डॉक्टरांकडून समजून घेतलं ते असं. परमेथ्रिन म्हणजे शेवंतीच्या नात्यातल्या पायरेथ्रम फुलात जे कीटकनाशक असतं त्याची कारखान्यात केलेली नक्कल. गोचिडीच्या, पिसवांच्या नसा ते शांतच होऊ देत नाही, त्यातच त्या मरतात. कुत्र्याचं यकृत ते मोडून टाकतं. मांजराच्या यकृताला ते काम नीट जमत नाही, म्हणून औषध तिच्या अंगात रेंगाळतं आणि जे गोचिडीचं व्हायचं ते तिचं होऊ लागतं. त्यात मांजर दिवसभर अंग चाटणारं जनावर. हे काही नवं ज्ञान नाही. माझ्या भाच्याने शोधून दिलं की मानेवर टाकायच्या अशा औषधांबद्दल अमेरिकेत इतक्या तक्रारी आल्या होत्या की २०१० साली तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कंपन्यांना लेबलं अधिक स्पष्ट करायला सांगितलं. तिथे जे करावं लागलं ते चिपळुणात विकताना का करू नये?

आता माझं मागणं. दवाखान्याचा, औषधांचा आणि रिक्षाचा मिळून ४,८६० रुपये खर्च आला, पावत्या जोडल्या आहेत, तो परत द्यावा. पण पैसे देऊन विषय मिटवू नका. बॉक्सच्या पुढच्या बाजूला, कुत्र्याच्या त्या हसऱ्या चित्राशेजारी, फुली मारलेलं मांजराचं चित्र छापा आणि मराठीत व हिंदीत लिहा: "घरात मांजर असल्यास औषध लावलेल्या कुत्र्यापासून दूर ठेवा." किती तास ते तुमच्या शास्त्रज्ञांनी ठरवावं, पण आकडा लिहावा, "वाळेपर्यंत" म्हणजे कोकणातल्या जूनमध्ये कधी? इथे चार दिवस टॉवेल वाळत नाही. दुकानदारांना वजनाबरोबर हाही प्रश्न विचारायला सांगा. आणि ग्राहक सेवेतल्या मुलाला निदान "मांजराला साबणाने धुवा आणि दवाखान्यात न्या" एवढं एक वाक्य शिकवा, रविवारीसुद्धा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ मध्ये वापराच्या पुरेशा सूचना वा इशारा न देणाऱ्या उत्पादकावर जबाबदारी ठेवलेली आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची मी अजून थांबले आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर तिथे, आणि मग रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. इतक्या किमतीच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, आणि निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो.

बंड्याला पुढच्या महिन्यापासून डॉक्टर तोंडाने द्यायची गोळी सुरू करणार आहेत. तुमच्या उरलेल्या दोन ट्यूब बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या आहेत, वरून मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवून. परत हव्या असतील तर कळवा, स्पीड पोस्टाने पाठवते. टपालखर्च तुमचा.

आपली ग्राहक
(सही)

सोबत: खरेदीची पावती, दवाखान्याची व औषधांची बिलं, बॉक्सच्या चारही बाजूंचे फोटो, आतल्या चिठ्ठीची मोठी करून काढलेली झेरॉक्स.