आई-बाबा, मी नोकरी बदलली आहे

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर हे नीट सांगता येत नाही, आई रडायला लागते आणि बाबा "बरं बरं" म्हणत फोन तिच्याकडे देतात, म्हणून सगळं टाइप करून पाठवतेय. बाबा, चष्मा लावून आईला मोठ्याने वाचून दाखवा. तर, मी ती कॉल सेंटरची नोकरी सोडली आणि या महिन्यापासून नवीन कामाला लागलेय. अमेयला सगळं माहीत आहे, तोच मागे लागला होता. पगार वेळेवर आहे, शनिवार-रविवार सुट्टी आहे. तेव्हा परत विचार कर म्हणू नका, खूप विचार करूनच केलंय.

काम काय ते आधीच सांगते, नाहीतर मावशी गावभर सांगेल की इंग्लंडात लेस्टरला जाऊन किटल्या दुरुस्त करते. दुरुस्ती नाही गं. इथे ऑफिस, शाळा, वृद्धाश्रम अशा ठिकाणी प्लगवर चालणाऱ्या ज्या वस्तू असतात, किटली, मायक्रोवेव्ह, मॉनिटर, एक्स्टेंशन, त्या सुरक्षित आहेत का ते मी तपासते. पॅट टेस्टिंग म्हणतात. इथले 1989 चे नियम आहेत, कामाच्या जागेवरच्या विजेच्या वस्तू धोकादायक होऊ द्यायच्या नाहीत ही मालकाची जबाबदारी. त्यासाठी मी सिटी अँड गिल्ड्स या संस्थेचा याच तपासणीचा 2377 नंबरचा कोर्स केला, पास झाले. बाबा, माझ्या डिप्लोमासाठी तुम्ही सोसायटीचं कर्ज काढलं होतं आणि मी हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकत बसायचे, ते तुम्ही कधी बोलला नाहीत पण मला कळायचं. आता डिप्लोमातलं रोज हातात येतं.

आणि आई, शॉक बसेल म्हणून घाबरू नकोस. वस्तू आधी बंद करून प्लग काढायचा आणि मग नुसतं बघायचं. खरं सांगते, अर्ध्याहून जास्त दोष डोळ्यांनीच सापडतात, वायर चेपलेली, प्लग जळून काळा पडलेला, टेबल लॅम्पला 3 अँपिअरच्या जागी 13 चा फ्यूज घातलेला (इथे प्रत्येक प्लगच्या पोटात छोटा फ्यूज असतो). मग मशिन लावायचं. अर्थची वायर प्लगपासून वस्तूच्या धातूपर्यंत अखंड आहे ना ते एक, आणि 500 व्होल्ट देऊन इन्सुलेशनमधून करंट गळत नाही ना बघायचं ते दुसरं, किटलीला त्याचा रोध निदान 1 मेगाओहम यायला पाहिजे. 500 ऐकून दचकू नकोस, त्यात करंट अगदी नावाला असतो आणि तेव्हा मी वस्तूला हात लावत नाही. पास झालं की हिरवं स्टिकर, नापास झालं की लाल, आणि ती वस्तू तिथेच बाजूला काढायला लावायची. काकांच्या गोठ्यात जे झालं त्यानंतर मला हे काम आवडणारच होतं, तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मागच्या आठवड्यात एका वृद्धाश्रमात एका आजींच्या वर-खाली होणाऱ्या पलंगाची वायर चाकाखाली दबून आतली तांब्याची तार दिसत होती. त्या रोज त्याच पलंगावर झोपायच्या आणि कुणाच्या लक्षात नव्हतं. मी लाल स्टिकर लावलं, त्यांना दुसरा पलंग मिळाला, आणि गाडीत येऊन बसले तर डोळ्यांसमोर आपलं न्हाणीघर.

म्हणून आता जरा ओरडणार आहे, रागावू नका. आई, गीझरचा नळ झिणझिणतो हे तू हसत हसत सांगतेस, ते हसण्यासारखं नाहीये. वायरमन येऊन बघेपर्यंत तो गीझर लावायचाच नाही, पाणी गॅसवर तापव. बादलीत रॉड तर मुळीच नको, पाणी तापलं का बघायला तू बटण चालू असतानाच बोट घालतेस, मला माहितीये. बाबा, मिक्सरच्या पिनेची मोठी पिन तुम्ही काढून टाकलीत ना, तीच अर्थची, नवीन टॉप बसवून घ्या. एमसीबी (बोर्डावरचे लोड वाढला की आपोआप पडणारे स्विच) आहेत म्हणू नका, 16 अँपिअरचा एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, थोडा करंट गळला तरी लगेच वीज तोडणारा स्विच, पैसे मी पाठवलेत, आणि त्यावरचं 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं, खटकन पडला पाहिजे. आरसीसीबी बसवला म्हणून अर्थिंग सोडायचं नाही, दोन्ही पाहिजे. आणि आई, कपडे वाळत घालायची ती लोखंडी तार पत्र्याला बांधलीये ती आजच काढ, नायलॉनची दोरी लाव.

बाबा, आठवतं का, मे महिन्यात विहिरीकडच्या भिंतीपाशी अर्थिंगच्या खड्ड्यात आपण दोघं बादलीने पाणी घालायचो, तुम्ही म्हणायचात, जमीन ओली राहिली की करंटला जायला वाट मिळते बाळा. कोळसा-मिठाचा तो खड्डा अजून आहे ना? मला विजेचं पहिलं तेवढंच कळलं होतं, आणि परीक्षेत अर्थचा प्रश्न आला तेव्हा तुमचाच आवाज ऐकू आला. आता तुम्ही वाकून बादल्या उचलू नका, गुडघा सांभाळा, शेजारच्या पोराला सांगा.

गणपतीला यायला जमणार नाही, नव्या कामात इतक्या लवकर रजा नाही. माझ्याशिवाय मोदक वळायला बसशील तेव्हा तुला वाईट वाटेल, मलाही इथे वाटणारच आहे. पण जानेवारीत नक्की येते, साहेबांशी बोलून ठेवलंय. माझी काळजी करू नका, डबा रोज घरचा असतो, कंपनीच्या गाडीत हीटर आहे, बूट चांगले जाड दिलेत, भाकरीचं पीठ बेलग्रेव्ह रोडला सहज मिळतं.

बीपीची गोळी सकाळची सकाळीच घ्यायची बाबा, चहानंतर विसरता. आई, डोळ्याच्या डॉक्टरांची तारीख पुढे ढकलू नकोस, वन्सं नेतील, मी बोललेय त्यांच्याशी. आणि वायरमन येऊन गेला की बोर्डाचा उघडा फोटो पाठवायला सांगा त्याला, मला एकदा बघू दे, मगच पैसे द्या.

तुमची,
सोनी