जे अजून मधेच आहेत त्यांचंही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

संकटावर मात केलेल्या लोकांच्या गोष्टी पेपरात येतात त्या मी आवर्जून वाचते, पण त्या सगळ्या शेवटाकडून सांगितलेल्या असतात, म्हणजे माणूस उभा राहिलाय, घडी बसलीये आणि मग तो सांगतो की त्या दिवसांनी मला घडवलं. जे अजून मधेच अडकलेत त्यांचं काय, म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मिस्टरांना स्ट्रोक आला. मेंदूच्या डाव्या बाजूला, त्यामुळे उजवा हात लुळा पडला आणि बोलणंही गेलं. भेटायला येणारे म्हणायचे, देव परीक्षा बघतो, यातून काहीतरी चांगलंच निघेल. माणसं मनाने चांगली, पण मला असा संताप यायचा की मी उठून आत जायचे. ज्याच्या जिभेवर बायकोचं नाव येत नाही त्याला यात चांगलं काय दाखवायचं?

पुढे मुलीने मला एक माहिती वाचून दाखवली. टेडेस्की आणि कॅल्हून या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये २१ मुद्द्यांची एक प्रश्नावली काढली, मोठ्या आघातानंतर माणसात काय चांगला बदल होतो ते मोजायला. त्यांचं म्हणणं असं की बदल आघातामुळे होत नाही, त्याच्याशी झगडताना होतो, सगळ्यांचाच होतो असं नाही, आणि झाला तरी दुःख सोबत राहूच शकतं. हे ऐकून मला खरंच हायसं वाटलं, कारण मी तोवर समजत होते की मी अजून रडते म्हणजे मी काहीच शिकले नाही.

थेरपिस्टने सांगितलेलं, शर्टाची बटणं त्यांना डाव्या हाताने लावू द्या, तुम्ही हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी एका बटणाला अकरा मिनिटं लागली. मी जन्मभर घाईतच जगलेली बाई, माझे हात नुसते शिवशिवत होते, शेवटी पदर मुठीत धरून बसले. बटण निसटलं की ते भिंतीवर हात आपटायचे, मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. तीन आठवड्यांनी अख्खा शर्ट लागला, एक बटण चुकीच्या काजात, एक बाजू वर एक खाली. मी काही बोलले नाही, तसेच आम्ही बाहेर पडलो.

आता ते शब्द शोधत असले की मी मधे तोंड घालत नाही, आणि हे फक्त त्यांच्याशीच नाही, कोणाशीही बोलताना. एवढा फरक माझ्यात पडलाय हे मी मानते. पण हे दुखणं आलं नसतं तर मी उतावळीच राहिले असते आणि मला ते चाललं असतं, हेही तितकंच खरं.

तर विनंती एवढीच की ज्यांचं अजून काही सुरळीत झालेलं नाही त्यांनाही थोडी जागा द्या. आणि भेटायला जाणाऱ्यांनो, चांगलं काय निघेल ते सांगू नका, आज काय केलंत ते विचारा आणि उत्तराला वेळ द्या. मी हे लिहितेय तेव्हा हे समोर बसून वहीत डाव्या हाताने सही गिरवतायत, नाव झालंय, आडनावाचं पहिलं अक्षर चालू आहे.

आपली,
एक वाचक