जनमताचा अर्धाच हवाला
ब्रिटनने कौशल्याधारित व्हिसाचे नियम कडक केल्याचे समर्थन करणारा लेख वाचला. लोकांनाच हे हवे होते, हा त्यातील दावा अर्धाच खरा आहे. एकूण स्थलांतर कमी व्हावे असे तिथे अनेकांना वाटते. पण डॉक्टर, परिचारिका, वृद्धांची देखभाल करणारे यांच्याबद्दल विचारले की कपात नको म्हणणारेच जास्त निघतात, हे जनमत चाचण्यांत वारंवार दिसले आहे. तरीही २२ जुलै २०२५ पासून देखभाल कर्मचाऱ्यांची परदेशातून नवी भरती बंद झाली आणि कुशल कामगारांसाठी किमान वार्षिक पगाराची सर्वसाधारण अट ४१,७०० पौंडांवर गेली. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची कूस बदलणे, पाठीची जखम चिघळू न देणे ही कामे केवळ पगार कमी म्हणून अकुशल कशी ठरतात?