अर्धवट राहिलेले खेळ या सुट्टीत पूर्ण व्हावेत

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी लागली की मुलांच्या गेमिंगविषयी काळजी व्यक्त करणारे लेख वृत्तपत्रांतून येऊ लागतात. ही काळजी निराधार नाही. आठवीतल्या मुलीचा बाप म्हणून ती मलाही वाटते. परंतु या लेखांत सगळ्या व्हिडिओ गेमना एकाच मापाने मोजले जाते, आणि ज्या खेळाला शेवट असतो तो व ज्याला शेवटच ठेवलेला नसतो तो, यांतला भेद कोणी सांगत नाही. तो भेद मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. शिवाय ज्या घरांत कॉम्प्युटर, प्लेस्टेशन किंवा निन्टेन्डो स्विच आहे त्या घरांनी या सुट्टीत नवे काही विकत न घेता आधीच घेतलेले, अर्धवट पडलेले खेळ पूर्ण करावेत, असे मला सुचवायचे आहे.

मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या बहुतेक लोकप्रिय खेळांची रचनाच अशी असते की ते कधी संपू नयेत. रोज हजेरी लावली की बक्षीस, दर काही आठवड्यांनी नवा सीझन, आणि मध्येच एखादा पोशाख किंवा शस्त्र विकत घेण्याचा आग्रह. कारण खेळणारा रोज परत आला तरच त्या धंद्याचे गणित जमते. याउलट ‘पोर्टल’ (२००७), ‘द विचर ३’ (२०१५) किंवा ‘इनसाइड’ (२०१६) या खेळांना आरंभ आहे, मध्य आहे आणि शेवटही आहे. शेवटी खेळ घडवणाऱ्यांची नामावली पडद्यावर सरकू लागली की मूल आपण होऊन कंट्रोलर खाली ठेवते, असा माझ्या घरातला अनुभव आहे. केंद्र सरकारने २०२५ साली केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ एका बाजूला काढले आणि ई-स्पोर्ट्स व इतर खेळ दुसऱ्या बाजूला ठेवले. सरकारने जो विवेक केला, त्याच्या पुढचा विवेक पालकांनी घरात करायला हवा.

अर्धवट खेळांचा ढीग साठतो तो मुख्यतः खरेदीच्या सोयीमुळे. ‘स्टीम’ हे कॉम्प्युटरवरील खेळांचे ऑनलाइन दुकान २००३ पासून चालू आहे. २०१५ च्या अखेरीस तेथे रुपयांत किमती दिसू लागल्या आणि डॉलरचा हिशेब करण्याची गरज उरली नाही. जूनच्या अखेरीस तेथे मोठा उन्हाळी सेल लागतो, तेव्हा आपल्याकडे पावसाळा सुरू होऊन शाळाही उघडलेल्या असतात. ‘एपिक’च्या दुकानात तर दर आठवड्याला एखादा खेळ मोफत मिळतो. खेळ घ्यायला क्षणभर पुरतो, पण खेळायला पन्नास-पन्नास तास लागू शकतात. कोणत्या खेळात किती टक्के लोकांनी कोणता टप्पा गाठला, हे स्टीमवर जाहीर असते आणि ते कोणालाही पाहता येते. गाजलेल्या मोठ्या खेळांतही कथेचा शेवट गाठणारे बहुधा निम्म्याहून कमीच आढळतात.

लांबलचक खेळ मध्यावर सुटतो तो नेहमी कंटाळ्यामुळेच सुटतो असे नाही. सहामाही येते, गणपतीला गावी जाणे होते, ऑफिसातले मार्चचे काम अंगावर येते. त्यानंतर परत यावे तर कोणते बटण कशासाठी होते हे बोटे विसरलेली असतात आणि या गावात आपण कोणाला शोधायला आलो होतो तेही आठवत नाही. मग सुरुवातीपासून खेळायला घेतले जाते, पहिले तेच दहा तास पुन्हा खर्ची पडतात आणि मध्यावर पोहोचेपर्यंत उमेद संपते. माझा ठाम सल्ला असा आहे की जुना सेव्ह, म्हणजे खेळ जेथे थांबवला तेथली साठवलेली नोंद, पुसू नये. ‘द विचर ३’मध्ये सेव्ह उघडताना, पडद्यावर चित्रे येत असताना आतापर्यंतची कथा थोडक्यात ऐकवली जाते, ‘ड्रॅगन क्वेस्ट ११’मध्येही मागील घटनांचा गोषवारा येतो, आणि २००४ सालच्या ‘पोकेमॉन फायररेड’मध्ये खेळाडूने शेवटी काय काय केले ते पुन्हा दाखवण्याची सोय होती. इतकी चांगली कल्पना वीस वर्षांनंतरही सर्वांनी उचलली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. ‘एल्डन रिंग’सारख्या खेळात असा गोषवारा नाही आणि कामांची यादीही नाही. अशा खेळासाठी एक साधी वही ठेवावी आणि उठण्यापूर्वी तीत दोन ओळी लिहाव्यात: आपण कोठे आहोत आणि पुढे कोणाकडे जायचे आहे. परत आल्यावर पहिला अर्धा तास कथेला हात न लावता मोकळ्या मैदानात किरकोळ शत्रूंशी लढण्यात घालवावा. बोटांना सगळे आठवते, त्यांना तेवढा वेळ मात्र द्यावा लागतो.

क्रम ठरवताना लहान खेळ आधी घ्यावेत. ‘जर्नी’ (२०१२) एका बैठकीत संपतो. ‘इनसाइड’ आणि ‘फायरवॉच’ (२०१६) यांना साधारण चार तास पुरतात. असे दोन-तीन खेळ शेवटास गेले की मोठ्या खेळाकडे वळायला बळ येते. या यादीत मी पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) आग्रहाने घालेन. राक्षसांनी पळवलेल्या गोलू या आपल्या भावाला शोधायला निघालेल्या मुलीची ती गोष्ट आहे आणि निवेदनाला साक्षात दुर्गा आणि विष्णू आहेत. आपल्या शेजारच्या शहरात घडलेला हा खेळ मुंबईतल्या कितीतरी मुलांनी ऐकलेलाही नाही, तो त्यांच्यापर्यंत पोहोचलाच पाहिजे.

कठीणपणा हे खेळ सुटण्याचे दुसरे मोठे कारण आहे. एखादा बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणारा बलाढ्य शत्रू, हरत नाही म्हणून वर्षभर खेळ बंद पडतो आणि कठीणपणाची पातळी कमी करणे कमीपणाचे वाटते. ‘सेलेस्ट’ (२०१८) हा डोंगर चढण्याचा अतिशय अवघड खेळ. पण त्याच्या कर्त्यांनी स्वतःच वेग कमी करण्याची आणि दमसास अमर्याद करण्याची सोय त्यात ठेवली आहे. ‘द विचर ३’मध्येही केवळ कथेसाठी खेळणाऱ्यांना वेगळी पातळी आहे. कर्त्यानेच उघडून ठेवलेल्या दारातून आत जाण्यात संकोच कसला? आणि एखादा खेळ मनाला भिडतच नसेल, तर तो विचारपूर्वक यादीतून काढून टाकावा. तोही निकालच आहे. नव्याने घेतलेल्या खेळाबाबत एवढे लक्षात ठेवावे की स्टीमवर खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात.

मुंबईतल्या घरांत या कामाला वेगळ्या अडचणी आहेत. बहुतेक घरांत टीव्ही एकच, तोही हॉलमध्ये, आणि संध्याकाळनंतर त्यावर आजीच्या मालिकांचा हक्क. त्यामुळे जेवणानंतरची दुपारची वेळ खेळाला द्यावी, असे आम्ही घरात ठरवले आहे. पण नेमक्या त्याच वेळी उकाडा सर्वाधिक असतो. प्लेस्टेशन ५ च्या माहितीपत्रकात वापरासाठी कमाल ३५ अंश सेल्सिअस तापमान दिलेले आहे आणि मे महिन्यात मुंबईचा पारा त्याच्या अगदी जवळ असतो. बंद शोकेसमध्ये कोंबलेल्या यंत्राभोवतीची हवा त्याहून तापते. यंत्र मोकळ्या जागी काढावे, झरोक्यांतली धूळ पुसावी. जागेचा प्रश्नही आहेच: ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ला कॉम्प्युटरवर दीडशे जीबी लागतात, तर मूळ प्लेस्टेशन ५ ची एकूण साठवण ८२५ जीबी आहे. मी तर म्हणेन की ही अडचण उपकारकच आहे. एक मोठा आणि एक लहान असे दोनच खेळ यंत्रात ठेवावेत आणि त्यांतला एक संपल्याशिवाय तिसरा उतरवू नये.

‘पुढे कधीतरी’ म्हणून ठेवलेले खेळ कायम राहतीलच असेही नाही. ‘द क्रू’ हा २०१४ सालचा मोटारींचा खेळ. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले आणि ज्यांनी पैसे मोजून तो घेतला होता त्यांना तो एकट्यानेही खेळता येईना. निन्टेन्डोने मार्च २०२३ मध्ये आपल्या दोन जुन्या यंत्रांवरील ऑनलाइन दुकानात खरेदी बंद केली. त्याच वर्षी व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या जुने खेळ जतन करणाऱ्या संस्थेने केलेल्या पाहणीत अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या अभिजात खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात उपलब्ध नसल्याचे दिसून आले. ज्या खेळांसाठी इंटरनेट सतत चालू असावे लागते, ते म्हणूनच यादीत वर घ्यावेत.

संपादक महोदय, आपल्या दैनिकात पुस्तकांचे आणि चित्रपटांचे परीक्षण दर आठवड्याला येते. त्याच गांभीर्याने या सुट्टीपुरते तरी एक लहान सदर सुरू करावे. त्यात दर आठवड्याला शेवट असलेला एक खेळ घ्यावा आणि तो पूर्ण खेळलेल्या व्यक्तीनेच त्याविषयी लिहावे. खेळायला किती तास लागतात, तो कोणत्या यंत्रावर मिळतो आणि कोणत्या वयासाठी आहे, हे त्यात स्पष्ट असावे. कारण ‘द विचर ३’ हा प्रौढांसाठीचा खेळ आहे आणि तो दहा वर्षांच्या मुलाच्या हाती देऊ नये, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. वेष्टनावरचे वयाचे आकडे वाचावेत कसे, हेही पहिल्याच लेखात समजावून द्यावे. असे सदर सुरू झाले तर ‘राजी’विषयीचा पहिला लेख मी आणि माझी मुलगी मिळून लिहायला तयार आहोत.

आपला,
एक वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई