भेग जिवंत आहे का, ते आधी तपासा

महोदय,

रुग्णालयांच्या जुन्या इमारती धोकादायक ठरवून पाडल्या जात असल्याचं वृत्त आपल्या अंकात वाचलं आणि लिहिल्याशिवाय राहवेना. अशा इमारतींच्या देखभालीत अभियंता म्हणून माझी नोकरीची बरीच वर्षं गेली आहेत.

सुरुवातीच्या काळात एका प्रसूती कक्षाच्या भिंतींना मीच सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. भिंती चुन्यात बांधलेल्या विटांच्या. वर्षभर काम देखणं दिसलं. मग गिलावा फुगू लागला, बोटाने टकटक केलं की पोकळ वाजू लागला. एक पापुद्रा उचकटला तर मागे क्षारांचा पांढरा थर होता आणि विटेची लाल भुकटी माझ्या तळहातावर आली. चुना ओल शोषतो आणि बाहेरही सोडतो. सिमेंट ती आत कोंडून ठेवतं आणि मग वीट सडते. पुढे त्या इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये ‘भिंती जीर्ण’ असा शेरा आला. भिंती वयाने जीर्ण झाल्या नव्हत्या, त्या माझ्या चुकीमुळे खराब झाल्या होत्या. ती बोचणी अजून जात नाही.

ते ऑडिट एका दिवसात उरकलं होतं. रिबाउंड हॅमरने, म्हणजे ठोक्याच्या उसळीवरून मजबुतीचा अंदाज देणाऱ्या उपकरणाने, जागोजागी ठोके मारून आकडे घेतले. हे उपकरण काँक्रीटसाठी आहे. चुन्यातल्या विटकामावर त्याचे आकडे काँक्रीटच्या तक्त्याशी ताडून पाहिले तर कुठलीही भिंत नापासच होणार. विटकामासाठी फ्लॅट-जॅकची चाचणी आहे. दोन विटांमधल्या सांध्यात खाच पाडून तेलाच्या दाबाने फुगणारी पातळ धातूची उशी आत सरकवायची आणि भिंतीवर खरोखर किती भार आहे ते मोजायचं. ती करा, असं त्या वेळी कोणी म्हटलं नाही. मीही नाही.

आणि भेगा. भेग दिसली की लोक घाबरतात, ते साहजिक आहे. पण पाया बसताना पडलेली भेग पुढे वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. ती जिवंत आहे की मेलेली, हे कळायला आमचे जुने मिस्त्री भेगेवर काचेची अरुंद पट्टी प्लास्टरने आडवी चिकटवत आणि बाजूला पेन्सिलीने तारीख लिहीत. काच तडकली तर भिंत हलते आहे. पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही जाऊ दिल्याशिवाय याचं उत्तर मिळत नाही. तोवर धोका वाटत असेल तर टेकू द्या, रुग्ण दुसरीकडे हलवा. रुग्णांचा जीव सर्वांत आधी, त्यात वाद नाही. पण इमारत रिकामी केली म्हणजे ती पाडायलाच हवी असं होत नाही.

बहुतेक दुखणी पाण्याची असतात. तुंबलेली पन्हळ, वॉर्डात मागाहून बसवलेलं शौचालय, भिंतीत खाच पाडून नेलेला नळ. तुळईचं जे टोक भिंतीत गाडलेलं असतं तेच आधी कुजतं. बाहेरून ती ठणठणीत दिसते. मजला लोखंडी तुळयांवर विटांच्या कमानी रचून केलेला असेल तर गंज फुगतो आणि विटा ढकलतो. हे सगळं कागदावर उतरवायचं तर शिडी लावून प्रत्येक खोलीत जावं लागतं.

या वास्तूंमागे विचार होता. वॉर्डात समोरासमोर खिडक्या, हवा खेळती, दोन इमारतींत मोकळी जागा, हा आग्रह फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी धरला होता. लंडनचं सेंट थॉमस रुग्णालय 1871 मध्ये याच रचनेने सुरू झालं. वॉर्डाच्या मध्ये पार्टिशन घालून आपण ती हवा अडवतो आणि वर ‘इमारत कोंदट आहे’ म्हणतो.

अवजड यंत्रं आणि शस्त्रक्रियागृहं नव्या इमारतीत जावीत, हे मला पूर्ण मान्य आहे. बार्सिलोनाच्या सांत पाऊ रुग्णालयाने तेच केलं. 1997 मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या त्या वास्तूतून 2009 मध्ये रुग्ण शेजारच्या नव्या इमारतीत गेले आणि जुनी दालनं दुरुस्त होऊन इतर कामांना आली. आपल्याकडे बाह्यरुग्ण विभाग, परिचारिकांचे वर्ग, जुनी नोंदवही-दप्तरं यांना अशी जागा सहज चालेल.

पाडकामाच्या कुठल्याही प्रस्तावासोबत निदान एक वर्षाच्या भेग-नोंदी आणि चुन्याच्या कामाची जाण असलेल्या अभियंत्याचा अहवाल सक्तीचा करावा, एवढी मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त अभियंता