हमी वस्तूला की पावतीला?

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या वस्तूंच्या खरेदीवर आलेला लेख वाचला. लेख उपयोगी आहे, पण त्यातला एक सल्ला मला पटला नाही : ‘मूळ बिल आणि चालू वॉरंटी नसेल तर जुनी वस्तू घेऊच नये.’ मिक्सर, वॉशिंग मशीनपुरतं ते ठीक असेल. मी मात्र गेली वीसेक वर्षं एक वेगळीच वस्तू जुन्यातली घेत आलो आहे आणि तिच्यात एकदा चांगला फसलो आहे. वॉरंटी नव्हती म्हणून नव्हे, होती म्हणून. त्यासाठी हे पत्र.

ती वस्तू म्हणजे रायफलवर बसवायची दुर्बीण. इथे अमेरिकेत तिला सगळे स्कोप म्हणतात, मीही तेच म्हणेन.

बंदुकीचं नाव काढलं की काही वाचक पान उलटतील, म्हणून आधी माझ्याबद्दल सांगतो. मी मूळचा कुडाळकडचा. मामांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती आणि भात पोटरीला आलं की रानडुकरांच्या भीतीने ते रात्री मांगरात झोपत. बंदूक क्वचितच उडायची. पुढे भोसरीत सात वर्षं टूलरूममध्ये काढली आणि १९९४ पासून अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मिल्वॉकीला आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली, ते बरंच झालं. विस्कॉन्सिनची तऱ्हा निराळी. इथे हरणं उदंड आहेत, शरद ऋतूत हमरस्त्यावर गाड्यांखाली सापडतात, आणि नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारपासून नऊ दिवस सरकार रीतसर परवाने देऊन शिकारीचा हंगाम भरवतं. भडक केशरी जाकीट घालायचं आणि पहाटेच्या काळोखात झाडाला टेकून बसायचं. त्या आठवड्यात आमच्या कारखान्यातले निम्मे लोक रजेवर असत. शेजारच्या लेथवरच्या पोलिश म्हाताऱ्याने मला पहिल्यांदा नेलं. शिकार करावी की करू नये, हा वाद आमच्या घरातही तीस वर्षांत मिटलेला नाही. तो इथे नको.

आता फसल्याची गोष्ट. २०११ च्या उन्हाळ्यात एका घराच्या गॅरेजमध्ये जुनं सामान विकायला मांडलं होतं. घरधनी वारले होते, बाई सगळं काढून टाकत होत्या. तिथे एक स्कोप मिळाला, मूळ खोक्यासकट. आत वॉरंटीचं कार्ड, त्यावर निळ्या शाईत सुवाच्य अक्षरात भरलेलं नाव, आणि छापलेलं : आजीवन हमी. दीडशे डॉलर सांगितले, मी घासाघीससुद्धा केली नाही. कार्ड पाहिलं आणि स्कोप पाहायचाच राहिला.

१९ नोव्हेंबरला, हंगामाच्या पहिल्या सकाळी, ऐंशी पावलांवर हरीण आडवं उभं राहिलं. मी नेम धरला, गोळी सुटली, हरणाने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि निवांत चालू लागलं. सुदैवाने गोळी पूर्ण चुकली होती. जखमी करून हरवलं असतं तर मी आज हे इतक्या सहज लिहू शकलो नसतो. सोमवारी नेमबाजीच्या मैदानावर कागदावर पाच गोळ्या मारल्या. पाची पाच दिशांना.

कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. हमी आजीवन आहे, म्हणाली, पण मूळ खरेदीदाराला, आणि त्यांच्या बिलासकट. मूळ खरेदीदार तर मार्चमध्येच गेले होते. मग मी जे जूनमध्ये करायला हवं होतं ते डिसेंबरात केलं. मायक्रोमीटर काढला आणि स्कोपची नळी रायफलवर बसवणाऱ्या रिंगांत जिथे आवळलेली असते तिथे आडवी-उभी मोजली. एक इंचाची गोल नळी तिथे बारा थाऊंनी, म्हणजे इंचाच्या बारा हजारांशांनी, चपटी झाली होती. कुणीतरी हाताला लागेल तेवढ्या जोराने रिंगा आवळल्या होत्या. आयुष्यभर थाऊ-थाऊवर भांडलेला माणूस मी, आणि खिशातला मायक्रोमीटर खिशातच राहिला, कारण कार्डावर ‘आजीवन’ छापलं होतं.

तेव्हापासून मी एकच प्रश्न आधी विचारतो : हमी वस्तूला आहे की पावतीला? आपल्याकडे हमी बहुधा पावतीला चिकटलेली असते. पक्कं बिल, दुकानाचा शिक्का, तारीख. वस्तू हात बदलली की हमी मागे राहते. इथेही पुष्कळ कंपन्यांचं तसंच आहे. पण स्कोपच्या धंद्यात काहींनी ती वस्तूलाच जोडून टाकली आहे. ओरेगनची ल्युपोल्ड ही १९०७ साली सुरू झालेली कंपनी, आधी जमीनमोजणीची उपकरणं करायची. ती आपल्या स्कोपच्या काचा आणि यंत्रणेची हमी देते आणि तुम्ही पहिले मालक की पाचवे हे विचारत नाही, बिलही मागत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या भागांची गोष्ट वेगळी, त्यांना मुदत आहे. माझ्यापासून दोन तासांवर बार्नवेल्डला व्हॉर्टेक्स या दुसऱ्या स्कोप कंपनीचं मुख्यालय आहे. त्यांचंही तसंच : पावती नको, कार्ड नको, मालक कुणीही असो. चोरीला गेला, हरवला किंवा मुद्दाम फोडला तर मात्र नाही.

अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नुसन-मॉस नावाचा वॉरंटीचा कायदा आहे. कंपनीने हमीला ‘फुल’ म्हटलं तर मुदतीत ती वस्तू ज्याच्या मालकीची असेल त्याला ती द्यावीच लागते. पहिल्या गिऱ्हाइकापुरती ठेवता येत नाही. म्हणून बहुतेक खोक्यांवर ‘लिमिटेड’ हा शब्द असतो. बारीक असतो, पण असतो. माझ्या त्या कार्डावरही होता, नंतर भिंगाखाली पाहिला.

आणि ‘आजीवन’ म्हणजे कुणाचं जीवन? घेणाऱ्याचं, वस्तूचं की कंपनीचं? डेन्व्हरच्या रेडफील्डचे स्कोप एके काळी इथल्या बापलेकांच्या रायफलींवर सर्रास दिसत. १९९८ मध्ये ती कंपनी बुडाली. नाव हात बदलत गेलं आणि २००८ मध्ये ल्युपोल्डने घेतलं. नाव जुनंच, पण ते स्कोप ज्यांनी केले ती कंपनी गेली. निकॉन तर चालू कंपनी, पण काही वर्षांपूर्वी तिने रायफलचे स्कोप करणंच बंद केलं. जुन्या बाजारात त्यांचे स्कोप अजून मिळतात, काचा सुरेख असतात. घेणाऱ्याने त्या भावात पुढच्या दुरुस्तीचा विचार धरावा.

मग वॉरंटीला किंमत आहे की नाही? आहे, आणि ती बाजार बरोबर लावतो. वस्तूला चिकटलेली हमी असलेला स्कोप जुना झाला तरी फारसा उतरत नाही. पाचशेचा नवा साडेतीनशेला मिळाला तर नशीब. हमी नसलेला तेवढ्याच तोलाचा दोनशेलाही मिळून जातो. मधले दीडशे डॉलर म्हणजे तुम्ही भरलेला विमाच. मी तो स्वस्त स्कोपवर भरत नाही, महागावर भरतो. शिवाय असल्या हमीमुळे नकली मालही येतो. नाव, सोनेरी कडं, खोकं सगळं हुबेहूब. कंपनीला अनुक्रमांक कळवला की पितळ उघडं पडतं. विकणारा अनुक्रमांकाचा फोटो द्यायला कां-कूं करत असेल तर मी तिथूनच माघारी फिरतो.

एक गोष्ट मात्र कुठलीच हमी करत नाही. स्कोप दुरुस्तीला गेला की काही आठवडे परत येत नाही. हंगाम नऊ दिवसांचा. कंपनी नवाकोरा स्कोप पाठवील, पण तो येईल नाताळात. तेव्हा जुना स्कोप घ्यायचा तर मे-जूनमध्ये घ्यावा आणि लगेच तपासावा.

तपासतो कसा, ते सांगतो, कारण लेखात याबद्दल काहीच नव्हतं. आधी स्क्रूची डोकी. खाच मारली गेली असेल तर मालकाने मापाचा स्क्रू ड्रायव्हर वापरलेला नाही, आणि जो स्क्रूला जपत नाही तो काचेलाही जपत नाही. मग रिंगांच्या जागी नळी मोजायची. मायक्रोमीटर नसेल तर अंगठ्याचं नख फिरवावं, वळ असेल तर नख अडखळतं. मग पुढच्या काचेतून टॉर्च मारून मागून तिरपं पाहायचं. ओरखडे दिसतात, धूळ दिसते, आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. कोकणातल्या माणसाला ती ओळखायला शिकवावं लागत नाही. आमच्या घरातल्या कॅमेऱ्याची लेन्स दोन पावसाळ्यांत तशी गेली होती. स्कोपच्या आत ओलावा राहू नये म्हणून हवा काढून नायट्रोजन किंवा आर्गॉन भरतात. सील गेलं असेल तर थंडीतून उबेत आणल्यावर धुकं काचेच्या आतून धरतं. बाहेरून धरलं तर पुसता येतं, आतलं पुसता येत नाही.

हे सगळं स्वयंपाकघराच्या टेबलावर होतं. खरी परीक्षा मैदानावर. स्कोपवर दोन चकत्या असतात, एक वर-खाली, एक डावी-उजवी. चकती फिरवली की टिक् वाजते. एका टिक्ने गोळी शंभर यार्डांवर साधारण पाव इंच सरकते. शंभर यार्डांवर मोठा कागद लावायचा, मधल्या ठिपक्यावर नेम धरून एक गोळी मारायची. मग नेम त्याच ठिपक्यावर ठेवून वीस टिक् उजवीकडे, गोळी. वीस वर, गोळी. वीस डावीकडे, गोळी. वीस खाली, गोळी. कागदावर पाच-पाच इंचांचा चौकोन उमटायला हवा आणि पाचवी गोळी पहिलीच्या भोकालगत बसायला हवी. मी एकदा पाहिलेल्या स्कोपचा चौकोन पतंगासारखा तिरपा आला. आतली स्प्रिंग थकलेली. बाहेरून तो स्कोप नवरीसारखा दिसत होता.

विकणारा मैदानावर यायला तयार नसेल तर मी म्हणतो, पैसे आज घ्या, पण चौकोन नीट आला नाही तर आठ दिवसांत परत द्यायचे. तयार होतात, निम्मे तरी. मला कंपनीच्या आजीवन हमीपेक्षा ही आठ दिवसांची हमी जास्त उपयोगी पडली आहे.

कोल्हापूरच्या भाच्याने मध्यंतरी एक जुना स्कोप मागितला, त्याच्या स्प्रिंगच्या एअर रायफलसाठी. मी नाही म्हटलं. एक तर अमेरिकेतून रायफलचे स्कोप बाहेर नेण्यावर सरकारी निर्बंध आहेत, बॅगेत टाकून आणायची ती वस्तू नव्हे. दुसरं, स्प्रिंगची एअर रायफल मोठ्या रायफलपेक्षा स्कोपला जास्त छळते. मोठी रायफल फक्त मागे धक्का देते, हिचं पिस्टन पुढे जाऊन आपटतं तेव्हा उलटा झटकाही बसतो. त्या उलट्या झटक्यासाठी न घडवलेला स्कोप बघता बघता खिळखिळा होतो. म्हणून जुना स्कोप घेताना तो आधी कशावर बसला होता हेही विचारतो. भाचा म्हणाला, दुर्बीण नसेल तर नेम लागणार कसा? त्याला म्हटलं, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसला कांस्यपदक घेताना तुमच्याच जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेंच्या रायफलीवर दुर्बीण नव्हती. ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारात ती चालतच नाही. बारीक छिद्रातून पाहायचं असतं. तो आठवडाभर बोलला नाही.

तर लेखिकेला विनंती, की पुढच्या वेळी ‘वॉरंटी बघा’ एवढ्यावर थांबू नये. ती कुणाच्या नावावर आहे, कशाकशाला आहे आणि देणारा अजून दुकान उघडून बसला आहे का, हे विचारायला सांगावं. आणि त्याआधी वस्तू हातात घेऊन पाहायला.

मी आता अडुसष्टचा आहे. गुडघे थंडीत कुरकुरतात. पुढल्या वर्षी माझा स्कोप विकायला काढीन म्हणतो. त्याच्या खोक्यात वॉरंटीचं कार्ड नाही, मला मिळालं तेव्हाही नव्हतं. झाकणाच्या आत चिकटपट्टीवर अनुक्रमांक, घेतल्याची तारीख आणि मोजलेली किंमत लिहून ठेवली आहे, आणि खाली घडी घालून पाच भोकांचा तो कागद.

आपला,
एक जुना वाचक
मिल्वॉकी, विस्कॉन्सिन (मूळ कुडाळ, जि. सिंधुदुर्ग)